‘सी चेंज’: पाच वाव खोल पाण्यातला कायापालट

गेल्या महिन्यात एक अनुवादित लेख तपासताना एका वाक्यापाशी माझी पेन्सिल थांबली. ‘देशाच्या बँकिंग क्षेत्रात गेल्या दहा वर्षांत सागरी बदल झाला आहे.’ बँकांचा आणि सागराचा संबंध काय, हा प्रश्न कुणालाही पडेल. मूळ इंग्रजीत ‘सी चेंज’ असणार हे लगेच कळलं. अनुवादकाने शब्दाला शब्द ठेवला होता. मी ते खोडून ‘आमूलाग्र बदल’ असं लिहिलं आणि पुढे गेले.

पण चुटपुट लागून राहिली. मी लिहिलेला अर्थ चुकीचा नव्हता. कोणताही शब्दकोश उघडला तर ‘सी चेंज’चा अर्थ मोठा, मुळापासूनचा बदल असाच सापडतो. तरी या दोन शब्दांच्या मागे एक बुडालेला बाप आहे, किनाऱ्यावर बसून रडणारा त्याचा मुलगा आहे, आणि जगातल्या सर्वांत सुंदर शोकगीतांपैकी एक आहे. ‘आमूलाग्र बदल’मध्ये त्यातलं काहीच येत नाही. हा वाक्प्रचार आता मराठी वर्तमानपत्रांत आणि ऑफिसातल्या बोलण्यात जसाच्या तसा येऊ लागला आहे. वापरायचाच असेल तर तो आला कुठून हे नीट माहीत असावं, म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करते. पुष्कळांना वाटतं की समुद्र अफाट असतो, म्हणून समुद्राएवढा प्रचंड बदल तो ‘सी चेंज’. काहींना वाटतं की भरती-ओहोटीवरून आला असेल. देवनागरीत लिहिताना आणखी एक घोटाळा होतो: ‘सी’ म्हणजे समुद्र, की बघणे, की इंग्रजी वर्णमालेतलं तिसरं अक्षर, हे लिहिण्यावरून कळतच नाही. खुद्द इंग्रजी बोलणारेही ऐकीव माहितीवर हे तिन्ही प्रकारे लिहितात. खरा अर्थ मात्र ‘समुद्राने घडवून आणलेला बदल’ असा आहे. इथे समुद्र हे मोजमाप नाही, तो कर्ता आहे. एवढं ध्यानात घेतलं की पुढचं सगळं उलगडत जातं.

हा शब्द शेक्सपिअरचा. त्याच्या ‘द टेंपेस्ट’ या नाटकात तो पहिल्यांदा येतो. टेंपेस्ट म्हणजे वादळ. 1610-11च्या सुमारास लिहिलेल्या या नाटकाच्या प्रयोगाची पहिली नोंद 1 नोव्हेंबर 1611ची आहे. लंडनमध्ये व्हाइटहॉल राजवाड्यात, राजा पहिला जेम्स याच्यासमोर तो प्रयोग झाला. शेक्सपिअर वारल्यानंतर सात वर्षांनी, 1623मध्ये, त्याची नाटकं एकत्र छापली गेली. त्या जाडजूड ग्रंथातलं पहिलंच नाटक हे.

गोष्ट थोडक्यात अशी. प्रॉस्पेरो हा मिलानचा ड्यूक, म्हणजे तिथला सत्ताधीश. पुस्तकांत आणि जादूविद्येत बुडालेला. बारा वर्षांपूर्वी त्याच्या सख्ख्या भावाने, अँटोनिओने, त्याची गादी बळकावली. नेपल्सचा राजा अलोन्झो याची त्याला साथ होती. प्रॉस्पेरो आणि त्याची तान्ही म्हणावी इतकी लहान मुलगी मिरांडा यांना मोडक्या होडीत घालून समुद्रात सोडून दिलं. ते दोघं एका बेटावर लागले आणि तगले. आता बारा वर्षांनी तेच शत्रू, अलोन्झोच्या मुलीचं लग्न ट्युनिसला लावून, जहाजाने परत निघाले आहेत. प्रॉस्पेरो जादूने वादळ उठवतो. जहाज फुटल्यासारखं दिसतं आणि सगळे पांगून बेटाच्या वेगवेगळ्या टोकांना लागतात. अलोन्झोचा मुलगा फर्डिनांड एकटाच एका काठावर येतो. बाप बुडाला असं त्याला वाटतंय. तो पाण्याकडे बघत रडत बसलेला असताना कुठून तरी गाणं ऐकू येतं. गाणारा दिसत नाही. तो एरियल, प्रॉस्पेरोच्या हुकुमातला वायुरूपी सेवक.

त्या गाण्याचा आशय असा: पाच वाव खोल पाण्यात तुझा बाप निजला आहे. त्याच्या हाडांची पोवळी झाली. जे त्याचे डोळे होते, ते आता मोती आहेत. त्याच्यातलं जे जे विरून जाणारं होतं, त्यातलं काहीही समुद्राने पालटल्यावाचून ठेवलेलं नाही. त्याचं काहीतरी मौल्यवान, काहीतरी अद्भुत झालं आहे. जलपऱ्या तासातासाला त्याच्यासाठी घंटा वाजवतात. ऐक, वाजतेय.

या ‘समुद्राने पालटल्या’च्या जागी मुळात ‘सी-चेंज’ आहे.

आता यातला एकेक शब्द जवळून बघण्यासारखा आहे. ‘पाच वाव’ हे मी मुद्दाम लिहिलं. मुळात ‘फॅदम’ आहे. दर्यावर्दी लोक शिशाचं वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडत; वजन तळाला टेकलं की दोरी वर ओढून दोन्ही हात पसरून मोजत. एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत एक फॅदम, म्हणजे सहा फूट. आपल्याकडे अगदी हेच माप ‘वाव’ या नावाने चालत आलं आहे. पाच वाव म्हणजे तीस फूट, जेमतेम नऊ मीटर. तीन मजली इमारतीएवढं पाणी. फार खोल नाही, पण वर उभ्या असलेल्याला तळाशी काय आहे ते दिसू नये इतकं खोल.

‘फॅदम’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ पसरलेले बाहू, मिठी असा होता. पुढे त्याचंच क्रियापद झालं आणि ‘एखाद्या गोष्टीचा थांग लागणे’ असा त्याचा अर्थ झाला. आपणही पाण्याचा थांग काढतो आणि ‘त्याच्या मनाचा थांग लागत नाही’ असंही म्हणतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता पाणी आणि मन एकाच दोरीने मोजलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग पोवळी आणि मोती. आपल्याला ही जोडी सांगावी लागत नाही. नवरत्नांत दोन्ही आहेत, मंगळसूत्रात काळ्या मण्यांच्या सोबतीला पोवळी असतात. नऊ रत्नांपैकी हीच दोन अशी, जी खाणीतून येत नाहीत, पाण्यातल्या जिवांकडून येतात. शेक्सपिअरने बरोबर तीच उचलली. त्याच्या श्रोत्यांनाही ‘कोरल’ म्हटल्यावर समुद्रातले खडक आठवत नसणार; भूमध्य समुद्रातून येणारं, दागिन्यात घालायचं तांबडं पोवळंच आठवत असणार.

डोळ्यांचे मोती झाले, या ओळीत आणखी एक पदर आहे. तो मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा लवकर उमगेल. माझ्या आजीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. दुपारच्या उजेडात ती दाराशी बसली की बाहुलीच्या जागी दुधी, किंचित चमकणारा ठिपका दिसायचा. अगदी मोत्यासारखा. शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीतही डोळ्यावर येणाऱ्या या पांढुरक्या पडद्याला ‘पर्ल’, म्हणजे मोतीच म्हणत. आजच्या इंग्रजीतून तो अर्थ गेला. म्हणजे तेव्हाच्या श्रोत्याला त्या ओळीत रत्नही दिसत असणार आणि विझलेला डोळाही. सौंदर्य आणि मरण एकाच शब्दात. आपल्या ‘मोतीबिंदू’त ते अजून शाबूत आहे.

तिसरी गोष्ट क्रियापदाची. मुळात बदल ‘होतो’ असं नाही, बदल ‘सफर’ (इंग्रजीतलं, सोसणे या अर्थाचं) केला जातो असं आहे. आज त्या शब्दात दुःखच ऐकू येतं. तेव्हा त्यात नुसतं ‘वाट्याला येणे, त्यातून जाणे’ हाही अर्थ होता. मराठीत याला ‘भोगणे’ चांगलं बसतं. आपण दुःख भोगतो तसं सुखही भोगतो. बुडालेल्या देहाने तो बदल भोगला आहे. त्याने तो केला नाही, मागितला नाही.

या नाटकामागे एक खरं वादळ आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. जून 1609मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातून नऊ जहाजांचा ताफा अमेरिकेतल्या जेम्सटाउन या नव्या वसाहतीकडे निघाला. त्यातल्या ‘सी व्हेंचर’ या मुख्य जहाजावर दीडशेच्या आसपास माणसं होती. जुलैच्या अखेरीस चक्रीवादळाने ते ताफ्यापासून तोडलं. जहाजाच्या फटीफटींतून पाणी आत येत होतं आणि सगळे, उमराव आणि खलाशी एकाच रांगेत, दिवसरात्र पाणी उपसत होते. 28 जुलैला जमीन दिसली. जहाज बर्म्युडाजवळच्या खडकांत जाऊन अडकलं, तिथेच उभं राहिलं, आणि सगळे जिवंत किनाऱ्याला लागले. हे खडक प्रवाळाचे होते. त्या लोकांनी बेटावर दहा महिने काढले, तिथल्या देवदाराचं लाकूड आणि मोडक्या जहाजाचे सुटे भाग वापरून दोन छोटी जहाजं बांधली आणि मे 1610मध्ये जेम्सटाउन गाठलं. इंग्लंडमध्ये त्यांना केव्हाच मेलेलं धरलं होतं. विल्यम स्ट्रेची नावाच्या प्रवाशाने हे सगळं एका लांबलचक पत्रात लिहिलं. ते छापलं गेलं 1625मध्ये, पण त्याची हस्तलिखित प्रत शेक्सपिअरच्या हाती आधीच आली असावी. नाटकातलं बेट भूमध्य समुद्रातलं असलं तरी एरियलच्या तोंडी बर्म्युडाचं नाव एकदा येऊन जातं.

हाडांचं खरंच पोवळं होतं का? नाही. हाड मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचं, प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेटचं. एकाचं दुसरं होत नाही. पण प्रवाळाच्या इवल्या अळ्या पाण्यात तरंगत असतात आणि बूड टेकायला टणक जागा शोधत असतात. खडक, बुडालेलं जहाज, लोखंडी नांगर, काहीही चालतं. एकदा चिकटल्या की त्या आपल्याभोवती चुन्याचं घर बांधत जातात. घुमटासारखी वाढणारी प्रवाळं वर्षाला साधारण अर्धा ते दोन सेंटिमीटर वाढतात. म्हणजे पाच-पन्नास वर्षांनी कुणी बुडी मारून पाहिलं तर आकार नांगराचा, पण हाताला लागणारं अंग प्रवाळाचं. मोत्याचंही तसंच. शिंपल्याच्या आतल्या मऊ भागात एखादा परजीवी किंवा परका कण शिरला की शिंपला त्याच्यावर चकचकीत द्रव्याचे पातळ थर चढवत राहतो. आपल्याकडे स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडून मोती होतो असं मानत आले. भर्तृहरीच्या त्या श्लोकाचं वामन पंडितांनी केलेलं मराठी रूप एके काळी शाळेत पाठ असायचं. विज्ञान वेगळं सांगतं, पण दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे: बाहेरून आलेलं काहीतरी आत जातं, वेळ जातो, आणि मग जे बाहेर येतं ते मूळचं नसतं.

‘सी चेंज’ कशाला म्हणावं याची कसोटी मला यातूनच सापडते. असा बदल पृष्ठभागाखाली होतो. तो हळूहळू होतो आणि होत असताना दिसत नाही. आणि तो वस्तूच पालटतो: आकार ओळखीचा राहतो, अंग दुसरं होतं. पेट्रोल दहा रुपयांनी महागलं, हा ‘सी चेंज’ नव्हे. सरकार बदललं, हाही दरवेळी नव्हे.

माझ्या धंद्यातलंच उदाहरण देते. छापखान्यात पूर्वी जुळारी असत. लाकडी खणांच्या पेटीसमोर उभं राहून एकेक शिशाचा खिळा, म्हणजे अक्षराचा ठसा, उचलायचा, डाव्या हातातल्या पट्टीत उलटा लावायचा. देवनागरीला इंग्रजीसारखी सव्वीस अक्षरं पुरत नाहीत. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे, आणि कुठला खिळा कुठल्या खणात हे बोटांना पाठ. विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीसेक वर्षांत संगणक आले आणि हे सगळं गेलं. सकाळी दारात पडणारं वर्तमानपत्र वाचकाला तसंच दिसत राहिलं: तेच नाव, त्याच रकान्यांची मांडणी, तीच मराठी. पण त्याच्या आतलं सगळं पालटलेलं होतं. कुठल्या दिवशी पालटलं, हे सांगता येत नाही. हा खरा ‘सी चेंज’.

शब्दाचं पुढचं आयुष्यही बघण्यासारखं आहे. फार काळ तो शेक्सपिअरच्या ओळीचा तुकडा म्हणूनच लोकांच्या तोंडी होता. कवी शेली 8 जुलै 1822ला इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात होडी बुडून गेला. तिशीही गाठलेली नव्हती. त्याला आपल्या होडीचं नाव ‘एरियल’ ठेवायचं होतं. दहाएक दिवसांनी देह किनाऱ्याला लागला आणि वाळूवरच त्याला अग्नी दिला. रोमच्या दफनभूमीत त्याच्या अस्थी आहेत आणि त्यावरच्या दगडावर याच गाण्यातल्या तीन ओळी कोरल्या आहेत, ‘सी-चेंज’ असलेल्या. बुडालेल्या माणसासाठी दुसरं काय कोरणार.

एकोणिसाव्या शतकात लिहिणारे लोक तो शब्द इतर बदलांना लावू लागले, आणि विसाव्यात समुद्र मागे पडून नुसता ‘मोठा बदल’ उरला. राजकारणात त्याला वजन आलं ते ब्रिटनच्या 1979च्या निवडणुकीमुळे. पंतप्रधान जेम्स कॅलहन हरण्याच्या बेतात होते. आपल्या सल्लागाराला ते म्हणाले की कदाचित तीस वर्षांतून एकदा राजकारणात असा ‘सी चेंज’ येतो, मग तुम्ही काय बोलता, काय करता याला अर्थ राहत नाही. लोकांना हवं असलेलंच बदललेलं असतं. या खेपेला तो मिसेस थॅचर यांच्या बाजूने आहे, असं त्यांना वाटत होतं. तसंच झालं. मला वाटतं, आधुनिक वापरातला हा सर्वांत नेमका वापर. कॅलहन निकालाबद्दल बोलत नव्हते. निकालाच्या आधीच तळाशी घडून गेलेल्या गोष्टीबद्दल बोलत होते.

ऑस्ट्रेलियात याने वेगळंच वळण घेतलं. तिथे शहर सोडून समुद्रकाठच्या लहान गावी राहायला जाण्याला ‘सी चेंज’ म्हणतात. 1998मध्ये सुरू झालेल्या याच नावाच्या दूरचित्रवाणी मालिकेने तो अर्थ घरोघरी नेला. आणि समुद्राऐवजी रानात जाणाऱ्यांसाठी ‘ट्री चेंज’ असा जोडशब्दही निघाला.

आता मराठीचं. ‘सागरी बदल’ तर नकोच. मराठीत तो शब्द हवामान खात्याच्या बातमीतला वाटतो. ‘जमीन-अस्मानाचा फरक’ दोन स्थितींमधलं अंतर सांगतो, बदलण्याची क्रिया सांगत नाही. ‘कात टाकणे’ चांगलं आहे, पण कात टाकल्यावर आत साप तोच असतो. ‘आमूलाग्र’ म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंत. ते झाडाचं चित्र आहे आणि व्याप्ती नेमकी सांगतं. त्या दिवशी मी तेच लिहिलं. पण सगळ्यांत जवळचा शब्द मला दोन दिवसांनी सुचला: ‘कायापालट’. आपण तो रस्त्यांना, बसस्थानकांना, शाळेच्या इमारतींना लावून लावून गुळगुळीत करून टाकला. फोडून बघितला तर काया आणि पालट. देहच दुसरा होणे. एरियल गातो ते अक्षरशः हेच: हाडं, डोळे, काया. शेक्सपिअरच्या शब्दात समुद्र आहे आणि देह गाण्याच्या इतर ओळींत आहे. आपल्या शब्दात देह आहे, समुद्र तेवढा नाही. लेख परत मागवून मी तिथे ‘कायापालट’ केलं.

एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. एरियलचं गाणं खोटं आहे. अलोन्झो बुडालेलाच नाही. तो त्याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला जिवंत आहे, आणि त्याला वाटतंय की आपला मुलगा बुडाला. त्याला कळतं की बारा वर्षांपूर्वी प्रॉस्पेरोवर केलेल्या अन्यायाची ही फेड आहे. तो म्हणतो, लाटा मला तेच बोलून दाखवत होत्या, वारा तेच गात होता, आणि मेघगर्जनेत प्रॉस्पेरोचं नाव होतं. शिशाचं वजन कधी पोचलं नसेल इतक्या खोल जाऊन मुलाच्या शेजारी चिखलात पडून राहावं, एवढंच त्याला आता हवं असतं. पाच वाव त्याला पुरत नाहीत. हाडांची पोवळी झाली नाहीत, डोळ्यांचे मोती झाले नाहीत; पण प्रॉस्पेरोसमोर उभं राहून, त्याचं राज्य परत करून, क्षमा मागणारा हा अलोन्झो ट्युनिसहून निघालेला अलोन्झो नाही. गाणं देहाबद्दल खोटं होतं, माणसाबद्दल खरं ठरलं.

शेवटच्या अंकात प्रॉस्पेरो एक पडदा बाजूला सारतो. आत फर्डिनांड आणि मिरांडा बुद्धिबळ खेळत बसलेले असतात. मुलगा मान वर करतो, बापाला बघतो, उठून त्याच्यापुढे गुडघे टेकतो आणि म्हणतो, समुद्र धमकावतात खरे, पण ते दयाळू असतात. मी त्यांना उगाच शाप दिले.